भंडारा जिल्ह्यातील धातुकाम आणि ड्रिलची निवड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

भंडारा शहर 'पितळेची नगरी' म्हणून विदर्भात परिचित आहे. 'भाण' म्हणजे पितळेचे भांडे, या शब्दाशी शहराच्या नावाचा संबंध जोडला जातो. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या रतनपूर शिलालेखात 'भाणार' मंडलाचा उल्लेख आहे. येथील धातुकामाचा विचार आजवर प्रामुख्याने जात, उत्पादन व बाजारपेठ या अंगांनी झाला. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथातही कासार समाजाची उत्पत्ती व चालीरीती यांना प्राधान्य आहे. कारागिराच्या हातातील अवजार मात्र दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात धातूला छिद्र पाडणाऱ्या अवजाराच्या आधारे या इतिहासाचा विचार केला आहे.

पितळ आणि सामता :

पातळ पत्र्याला पोलादी टोच्याने छिद्र पाडता येते. परंतु ओतीव व जाड भागाला फिरते अवजारच लागते. त्यासाठी मराठी मुलखात 'सामता' प्रचलित होता. कमानीच्या दोरीने फिरणारा सामता आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरतो. त्यामुळे त्याचे चपटे पाते दोन्ही बाजूंनी सारख्याच उताराचे असावे लागते. असे पाते धातू कापण्यापेक्षा खरवडते. लोखंडावर ही पद्धत अत्यंत संथ ठरते. पितळेला मात्र ती मानवते. तांबे व जस्त यांच्या या मिश्रधातूचा कीस तुटक निघतो आणि खरवडणारी धार त्यात अडकत नाही.

ट्विस्ट ड्रिलचा उदय :

अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये पीळदार खाचांच्या ट्विस्ट ड्रिलचे एकस्व मिळवले. खाचांतून कीस आपोआप बाहेर येऊ लागल्याने खोल छिद्रे सुलभ झाली. १९०० च्या सुमारास टेलर व व्हाइट यांच्या प्रयोगांतून हायस्पीड स्टील पुढे आले. साध्या कार्बन पोलादाची धार सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते. हायस्पीड स्टीलची धार सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते. यामुळे यंत्राचा वेग वाढवणे शक्य झाले.

तथापि, नवे अवजार प्रत्येक धातूला जसेच्या तसे लागू पडले नाही. पोलादासाठी योग्य असलेली तीव्र पिळाची धार पितळेत एकदम रुतते, काम हिसकले जाते आणि कामगाराच्या हाताला इजा होण्याचा धोका संभवतो. म्हणून पितळेसाठी कमी पिळाचे अथवा सरळ खाचांचे ड्रिल निवडतात. ते नसल्यास नेहमीच्या ड्रिलच्या कापणाऱ्या धारेला पुढून किंचित सपाट घासतात. म्हणजेच आधुनिक ड्रिलला पुन्हा सामत्याच्या पात्याप्रमाणे खरवडायला लावले जाते.

पोलादाचे आगमन :

१९६४ मध्ये जवाहरनगर येथे आयुध निर्माणी स्थापन झाली. १९८० च्या दशकात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना व वरठी येथे सनफ्लॅगचा पोलाद प्रकल्प आला. याच काळात घराघरांत स्टेनलेस स्टीलची भांडी रुळली व पितळेची मागणी घटत गेली. कामाचा धातू बदलला, तशी निवडीची गणितेही बदलली. १० मि.मी. छिद्रासाठी हायस्पीड स्टीलचे ड्रिल सौम्य पोलादात मिनिटाला सुमारे २५ मीटर कर्तनवेगाने, म्हणजे सुमारे ८०० फेऱ्यांनी चालवतात. पितळेत ६० मीटर वेग धरल्यास फेऱ्या १९०० वर जातात. सर्वसाधारण कामासाठी टोकाचा कोन ११८ अंश, तर कठीण पोलादासाठी १३५ अंश ठेवतात. स्टेनलेस स्टीलवर वेग कमी व दाब सतत ठेवावा लागतो. अन्यथा ड्रिल नुसते घासते, पृष्ठभाग कठीण होतो आणि धार निकामी होते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, सामत्याकडून ट्विस्ट ड्रिलकडे झालेला प्रवास केवळ मागासलेपणाकडून प्रगतीकडे झालेला प्रवास नव्हे. अवजाराची योग्यता धातूवरून ठरते आणि पितळेपुरता जुना कारागीर योग्य मार्गावर होता. आज कार्यशाळेत 'पितळेसाठी धार सपाट करावी' हा नियम शिकवताना त्यामागील तत्त्व सामत्यातही होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही. हे ज्ञान हाताकडून हाताकडे आले. ते कागदावर फारसे उतरले नाही. पितळेचे काम जसजसे कमी होते, तसतसे ते सांगणारे हातही कमी होतात. म्हणून भंडाऱ्यातील जुन्या कारागिरांची अवजारे, त्यांची मापे, धार लावण्याच्या रीती व बोलीतील नावे यांची नोंद महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी तंत्रशिक्षण संस्थांच्या साहाय्याने करणे अगत्याचे आहे. वस्तुसंग्रहालयात भांडे ठेवता येते. परंतु ते घडवणारे अवजार आणि ते वापरण्याची रीत हरवली, तर 'पितळेची नगरी' हे केवळ नाव उरेल.