चिनी कागद, चिनी दारू आणि सावित्रीचें खोरें

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना संशोधकाची दृष्टि प्रथम अक्षराकडे जाते, मग मितीकडे, मग शिक्क्याकडे. ज्या कागदावर तें अक्षर उमटलें त्याकडे ती बहुधा वळतच नाहीं. कागद हें केवळ आसन. त्यावर बसलेला मजकूर तेवढा इतिहास, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. परंतु आसनालाहि कुळ असतें. महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या अनुषंगानें त्या कुळाचा शोध प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. या खोऱ्याच्या इतिहासांत दोन वस्तूंचा व्यवहार विशेष झाला. एक कागद, दुसरी बंदुकीची दारू. एकीनें इतिहास राखला, दुसरीनें जाळला. आणि दोहोंचें माहेर एकच, तें म्हणजे चीन देश.

१. व्यापार व शब्द

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबतें खाडीनें महाडापर्यंत येत. तेथून माल बैलांच्या पाठीवर वरंध घाटानें भोराकडे व पोलादपुरावरून पार घाटानें जावळीकडे चढे. महाडाजवळील गांधारपाले व कोल येथील लेणीं पाहतां ही वाट सातवाहनकाळापासून राबती होती, हें सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाहीं. या किनाऱ्याचें मोठें पेठबंदर मात्र उत्तरेस चौल हें होतें. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ मध्यें तेथें आला, तेव्हां परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्यास आढळली. चौल व संजान येथील उत्खननांत चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. चिनी माल कोंकणपट्टीस उतरत होता, याचा हा मूक पण निर्विवाद साक्षीदार होय.

त्याहून बोलका साक्षीदार म्हणजे आपली भाषा. कालिदासाच्या शाकुंतलांत ध्वजाच्या वस्त्रास चीनांशुक म्हटलें आहे. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत राजाच्या वस्त्रांच्या यादींत महाचीनचें नांव येतें. वैद्यकाच्या कोणत्याहि बाडांत दालचिनी, कबाबचिनी, रेवाचिनी व चोपचिनी हीं नांवें पानोपानीं भेटतात. यांतील दालचिनी म्हणजे फारसी दारचिनी, चिनी लांकूड. कबाबचिनी वास्तविक जावा बेटाची; तिचा व्यापार चिनी व्यापाऱ्यांच्या हातीं असल्यानें तिला त्यांचें नांव चिकटलें. चोपचिनी सोळाव्या शतकांत फिरंगरोगावरील औषध म्हणून इकडे आली. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें इ. स. १५६३ सालीं छापिलेल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. यावरून संग्राहकांनीं एक गमक ध्यानीं ठेवावें. ज्या वैद्यक बाडांत चोपचिनी येते, त्याची मूळ रचना कितीहि प्राचीन सांगितली जात असली, तरी तो भाग सोळाव्या शतकापूर्वीचा मानण्यास जागा राहत नाहीं.

२. कागदाचा प्रवास

चीनच्या हान राजवंशाच्या बखरीप्रमाणें इ. स. १०५ मध्यें त्साय लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें झाडांच्या साली, तागाचे तुकडे, चिंध्या व मासे धरण्याचीं जुनीं जाळीं यांपासून कागद करून बादशहापुढें ठेविला. उत्खननांत त्याच्याहि पूर्वीचे कागदाचे तुकडे निघाले असल्यामुळें त्यास जनक न म्हणतां सुधारक म्हणणें योग्य. पश्चिमेकडे ही विद्या कशी गेली याविषयीं अरब ग्रंथकारांची कथा प्रसिद्ध आहे. इ. स. ७५१ मध्यें तलास नदीवर चिनी सैन्याचा पराभव झाला व कैदी झालेल्या कारागिरांनीं समरकंदास कागद केला, अशी ती कथा. परंतु समरकंदाकडील सोग्दी व्यापाऱ्यांचीं चौथ्या शतकाच्या आरंभींचीं कागदी पत्रें चीनच्या सरहद्दीवर सांपडलीं आहेत. तेव्हां युद्धाच्या आधीं कित्येक शतकें व्यापारानेंच त्या लोकांस कागदाशीं परिचय करून दिला होता, हें उघड आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादेस कागद होऊं लागला.

हिंदुस्थानांत ताडपत्र व भूर्जपत्र यांची सत्ता दृढ होती, म्हणून कागदाचा प्रवेश मंदगतीनें झाला. पश्चिम हिंदुस्थानांतील जैन भांडारांत तेराव्या-चौदाव्या शतकांपासून कागदी पोथ्या दिसूं लागतात. पंधराव्या शतकांत काश्मीरच्या जैनुल आबिदीन सुलतानानें हा धंदा आपल्या राज्यांत रुजविला. दक्षिणेंत दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचे कागदी आपल्या धंद्याचा आरंभ महंमद तुघलकानें इ. स. १३२७ मध्यें राजधानी हलविली त्या काळाशीं जोडतात. या परंपरेस एक विलक्षण जोड आहे. चीनमध्यें सुंग राजवटीनें इ. स. १०२४ मध्यें सरकारी कागदी चलन काढिलें; इराणांत मोंगल राजा गैखातू यानें इ. स. १२९४ मध्यें त्याचें अनुकरण केलें व तें फसलें. आणि ज्या तुघलकाचें नांव कागजीपुऱ्याशीं जोडलें जातें त्यानेंच पुढें तांब्यापितळेचें सांकेतिक नाणें पाडून तोच प्रयोग धातूवर करून पाहिला. चिनी कल्पना इकडे कोणत्या वाटेनें येत, हें यावरून दिसतें.

पुढें जुन्नर हें कागदाचें नामांकित ठाणें झालें आणि पुण्यास कसब्यांत कागदीपुरा वसला. कागद हा शब्द आपण फारसींतून घेतला. फारसीनें तो चिनी भाषेंतून घेतला असें कांहीं पंडितांचें मत आहे. इतरांस तें मान्य नाहीं. वस्तूचें मूळ निश्चित असतां शब्दाच्या मुळावर वाद वाढविण्यांत लाभ नाहीं.

३. बोरू आणि घोटींव कागद

आपला देशी कागद चिनी कागदाची हुबेहूब नक्कल आहे काय? आमच्या मतें नाहीं, आणि याचें कारण लेखणींत आहे. चिनी लेखक कुंचल्यानें लिहितो. त्यास मऊ, पातळ, शाई शोषणारा कागद मानवतो. अरबी, फारसी व मराठी लेखक बोरूनें लिहितो. त्याचें टोंक मऊ कागदांत रुततें आणि शाई फुटते. म्हणून मुसलमानी देशांतील कारागिरांनीं कागदास खळ लावून तो दगडानें घोटण्याची रीत वाढविली. आपल्याकडे आला तो हा सुधारलेला कागद.

दक्षिणेंतील कागदी जुने दोर, गोणपाट व जाळीं कापून चुन्यांत भिजवीत, ढेंकीनें कुटीत, नदीच्या वाहत्या पाण्यांत धूत व तो रांधा हौदांत कालवीत. मग गवताच्या काड्यांची चटई बसविलेला सांचा हौदांत बुडवून वर काढीत, ओला ताव दाबून भिंतीस चिकटवून वाळवीत, खळ देत आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडानें घोटीत. त्साय लुनाचीं जाळीं व आमच्या कागद्याचीं जाळीं यांत सुमारें दीड हजार वर्षांचें अंतर, पण कृतीचा कणा तोच.

खळीचा एक तोटा असा कीं ती कसरीस व वाळवीस आवडते. चिनी लोक यासाठीं एका कडू सालीच्या पिवळ्या रंगांत कागद बुडवीत. आमच्याकडे पोथ्यांच्या कागदास हरताळ देत असत, आणि चुकलेलें अक्षर झांकण्यासहि तोच वापरीत. हरताळ फासणें हा वाक्प्रचार त्या व्यवहाराची आठवण होय. दोन देशांनीं परस्परांस न विचारतां पिवळ्या विषाचा एकच तोडगा काढला, हें नमूद करण्याजोगें आहे.

चीनमध्यें कागदानंतर मुद्रण आलें. इ. स. ८६८ चा मिति असलेला छापील बौद्ध ग्रंथ उपलब्ध आहे, आणि अकराव्या शतकाच्या मध्यास बी शेंग यानें मातीचे सुटे खिळेहि केले. आमच्या देवनागरी मराठीस मुद्रण लाभलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मधल्या सर्व काळांत ज्ञानाचा भार लेखकाच्या मनगटावर राहिला. एक पोथी जळली तर एक आवृत्ति नव्हे, कित्येकदां एक ग्रंथच जाई.

४. खोऱ्यांतील दोन ग्रंथ

याचीं दोन उदाहरणें या खोऱ्यांतच आहेत. महाड तालुक्यांतील शिवथरची घळ ही समर्थांच्या दासबोधाची जन्मभूमि मानतात. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं इ. स. १९३० मध्यें ती घळ निश्चित केली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यांत नाना देशींचे बोरू, कातर, खळ, घोटणी अशी लेखकाची सामग्री सांगून पानाच्या भोंवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास धक्का लागत नाहीं, असें समर्थ बजावतात. कोंकणच्या पावसांत कागदाचें काय होतें हें ज्यानें पाहिलें आहे त्याचाच हा उपदेश. आणि त्या ग्रंथाची कल्याणस्वामींच्या हातची मान्यवर प्रत राहिली ती घाटावर, डोमगांवच्या मठांत.

दुसरें उदाहरण कवींद्र परमानंदाचें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें शिवभारत रचणाऱ्या या कवीची समाधि पोलादपुरास दाखवितात. त्याचा ग्रंथ मात्र दूर तंजावरास सांपडला आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनीं इ. स. १९२७ मध्यें तो प्रसिद्ध केला. तोहि अपुराच, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीं तुटतो. कवि सावित्रीकांठीं आणि काव्य कावेरीकांठीं, असा हा प्रकार. भोंसल्यांच्या एका शाखेबरोबर कोणी ती प्रत नेली नसती, तर शिवचरित्राचें हें समकालीन साधन आज आपणांस नांवानेंहि क्वचितच ठाऊक असतें.

५. दारू

आतां दुसऱ्या वस्तूकडे वळूं. नवव्या शतकाच्या सुमारास अमरत्वाचें रसायन शोधणाऱ्या चिनी साधकांस सोरा व गंधक यांचें मिश्रण भडकतें असें आढळलें. इ. स. १०४४ च्या एका चिनी युद्धशास्त्रग्रंथांत दारूचे पाठ प्रमाणासह दिले आहेत. अरब वैद्य सोऱ्यास चिनी बर्फ म्हणत. माहेरची ओळख त्या नांवांत राहिली आहे. मोंगलांच्या स्वाऱ्यांनीं ही विद्या पश्चिमेस नेली आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिणेंत तोफा प्रचारांत आल्या.

मराठ्यांनीं तिची धास्ती ओळखली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गप्रकरणीं दारूखाना वस्तीपासून दूर असावा अशी सक्त सूचना आहे. परंतु बाहेरून येणाऱ्या गोळ्यास कोण आवरणार? इ. स. १६८९ मध्यें रायगड मोंगलांच्या हातीं गेला. पुढें इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या सैन्यानें गडावर उखळी तोफांचा मारा केला. गोळ्यानें आग लागून वाडे जळाले आणि १० मे रोजीं गड इंग्रजांचा झाला. राजधानी अशी दोनदां लुटली व जळाली, म्हणून शिवकालीन अस्सल कागद आज मिळतात ते मुख्यत्वें गडावरचे नव्हेत; ते देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, जोशी व देवस्थानांचे पुजारी यांच्या घरचे होत. सरकारचें दप्तर दारूनें नेलें; रयतेच्या माळ्यावरचें फडकें वांचलें.

६. संग्राहकांस विनंति

जें वांचलें त्यावर आतां तिसरें संकट आहे, तें अज्ञानाचें. म्हणून कांहीं सूचना करितों.

पहिली, पत्राचें वर्णन करितांना कागदाचेंहि वर्णन करावें: रंग, जाडी, घोट, आणि उजेडासमोर धरल्यास दिसणाऱ्या सांच्याच्या रेषा. देशी कागदांत काड्यांच्या रेषा असतात. विलायती कागदांत तारेचें जलचिन्ह दिसतें. इ. स. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदांत पुष्कळदां सालाचे आकडेहि असतात.

दुसरी, मिति व कागद यांचा मेळ घालावा. शके १५९५ ची मिति असलेला महजर एकोणिसाव्या शतकांतील जलचिन्हाच्या कागदावर असल्यास तो अस्सल नव्हे, नक्कल होय. परंतु नक्कल म्हणजे बनावट नव्हे. इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां वतनदारांनीं जीर्ण कागदांच्या नकला मोठ्या संख्येनें करविल्या. अस्सल गेलें आणि नक्कल उरली, असें कित्येक घराण्यांत झालें आहे. अशी नक्कल कागद नवा म्हणून टाकून देणारा संशोधक बनावट कागद खरा मानणाऱ्याइतकाच इतिहासाचा अपराधी आहे.

तिसरी, कोरीं पानें, पुठ्ठ्याचे आंतले ताव व रुमालांतील वेष्टणें टाकूं नयेत. पुठ्ठे पुष्कळदां रद्दी पत्रें एकावर एक चिकटवून केलेले असतात. एखादें हरवलेलें पत्र तेथेंच सांपडावयाचें. पोथी बांधतांना कडा छाटूं नयेत. समर्थांनीं सोडावयास सांगितलेली जागा बांधणाराच्या कातरीनें जावी, याहून दैव तें कोणतें?

चवथी, जें पत्र ज्या गांवीं मिळालें त्या गांवाचें व घराण्याचें नांव त्याजवर टिपून ठेवावें. पोलादपूर, महाड, शिवथर, उमरठ या टापूंतील घरांतून निघालेला घोटींव कागद कोठला, जुन्नरी कीं दौलताबादी, याचा ठाव पुष्कळ नमुने एकत्र पाहिल्यानेंच लागेल. तो लागला, म्हणजे कोणत्या घाटानें कोणत्या काळीं काय उतरत होतें हेंहि कळूं लागेल.

चीनच्या कारागिरानें जुन्या जाळ्यांतून कागद उचलला. आपण जुन्या रुमालांतून तो उचलावयाचा आहे, आणि उचलतांना उजेडासमोर एकदां धरावयाचा आहे. एवढें जरी या खोऱ्यांतील संग्राहकांनीं केलें, तरी प्रस्तुत टिपणाचें काम झालें असें आम्ही समजूं.