हिरव्या कंदिलाचा अर्थ

वसई तालुक्यात चिंचोटीच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो. कामणवरून वसई-दिवा लोहमार्ग जातो. दक्षिणेला वसईची खाडी आहे. होडी, बैलगाडी, आगगाडी आणि ट्रक ही सारी साधने या टापूने पाहिली. प्रवासाच्या साधनांनी मराठीला वाक्प्रचारही दिले. आपण ते शिकवतो, पण त्यांतील वस्तू मुलांनी पाहिलेली नसते. मग अर्थ नुसता पाठ होतो.

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण घ्या. फिरते चाक आसावर घासते, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि दोन्ही झिजतात. म्हणून वंगण लागे. ते ठेवण्याचा नळा गाड्यालाच टांगलेला असे. मोठ्यांबरोबर लहानाचाही लाभ होतो, असा म्हणीचा अर्थ आपण सांगतो. घर्षण समजलेल्या मुलाला मात्र कळेल, की नळ्यावाचून गाड्याचीही यात्रा अवघडच होती.

'सुकाणू हाती घेणे' खाडीवरच्या माणसाला समजवावे लागत नाही. सुकाणू हा शब्द मूळचा अरबी. नावेच्या मागच्या टोकाची ही फळी वळवली की पाणी तिच्यावर दाब देते आणि नाव वळते.

वसईमार्गे आगगाडी मुंबईत आली १८६४ साली. 'हिरवा कंदील दाखवणे' हा वाक्प्रचार रेल्वेचाच. पण ब्रिटनमधील सुरुवातीच्या रेल्वेत हिरवा दिवा म्हणजे 'सावकाश' आणि पांढरा म्हणजे 'जा' असे. यात मोठा धोका होता. सिग्नलची लाल काच फुटली, तर आतला उघडा दिवा पांढरा दिसे आणि 'थांबा'चे 'जा' होई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे 'जा'साठी हिरवा रंग ठरला. तेलाच्या दिव्याची ज्योत पिवळसर असल्याने प्रकाश हिरवा दिसावा म्हणून काच निळसर हिरवी घेत. आज सिग्नलला विजेचे दिवे आहेत, पण प्रकल्पांना आपण अजून 'कंदील'च दाखवतो.

तेव्हा शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू: 'वाक्यात उपयोग करा' असे सांगण्याआधी मुलांना विचारावे, यातील वस्तू कोणती आणि ती काम कसे करते? उत्तर येत नसेल, तर गावातल्या जुन्या गाडीवानाकडे किंवा होडीवाल्याकडे त्यांना जरूर पाठवावे.