तोतरेपणा : जिभेकडून भीतीकडे

तोतरेपणाचा दोष जिभेत असतो, ही समजूत जुनी. 1841 साली बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख अशा रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढत. तेही भूल न देता. ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक 1846 मधले! जीभ बिचारी निर्दोष होती.

विसाव्या शतकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ली ट्रॅव्हिस यांनी मेंदूकडे बोट दाखवले. तेथेच शिकलेले चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. तरुणपणी शेतावर काम मिळावे म्हणून त्यांनी मूकबधिराचे सोंग घेतले होते. अडखळण्यापेक्षा ते लपवण्याची धडपडच माणसाला जखडते, हे त्यांनी ओळखले.

1936 साली कॅलमझू येथे त्यांनी उपचारकेंद्र काढले. त्यांच्या पद्धतीत प्रौढांना ‘अडखळू नका’ असे सांगत नाहीत. न घाबरता, सैलपणे अडखळायला शिकवतात. शब्द अडला तरी पुरा करायचा, क्षणभर थांबायचे आणि तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणायचा. पुढच्या पायरीला, शब्द अडलेला असतानाच ताण सोडायचा. (वर्गात अडखळणाऱ्या मुलाचे वाक्य आपण घाईने पुरे करतो, तेव्हा नेमकी हीच संधी हिरावतो.)

मेंदूच्या प्रतिमा आणि जनुके यांच्या अलीकडच्या अभ्यासाने मेंदूकडे दाखवलेले बोट योग्य ठरवले आहे. उपचारात मात्र व्हॅन रायपर यांच्या पायऱ्या आजही वापरतात.