दोन तालमींचे खेळाडू

‘तालीम’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी नांदतो. घरात वडीलधारे तालीम म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात शाळा-कॉलेज असते. गावात तालीम म्हटले की लाल माती आणि दंडबैठका आठवतात. मूळ अरबी शब्द एकच, शिकवणे या अर्थाचा. पण मुलगा दहावी-बारावीला आला की पालक त्याला या दोहोंतून एकच निवडायला सांगतात. अभ्यासाचा वेळ बुडतो, ही त्यांची तक्रार काही खोटी नसते. म्हणूनच, विद्यापीठाची पदवी आणि फुटबॉल दोन्ही साधणाऱ्यांना हा वेळ कोणी व कसा मिळवून दिला, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशातील उदाहरण डॉ. तालिमेरेन आओ यांचे. नागा टेकड्यांतील एका धर्मोपदेशकाचे हे चिरंजीव. वडील १९३५ मध्ये विषमज्वराने वारले; मुलाने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा मागे राहिली. कलकत्त्यात वैद्यकीचे शिक्षण घेत असताना आओ मोहन बागानकडून खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते आणि १९५० मध्ये एम.बी.बी.एस. झाले. पुढे ते नागालँडचे आरोग्य संचालक झाले. मात्र तो जमाना हौशी खेळाचा होता. खेळावरच चरितार्थ चालतो तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो.

इंग्लंडमध्ये तसेच होते. तेथे पोरे पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा सोडून क्लबात उमेदवारी करीत, मोठ्या खेळाडूंचे बूट साफ करीत. १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगारालाही आठवड्याला वीस पौंडांची मर्यादा होती. अशा वातावरणात पदवीधर म्हणजे नवलाईच. लिव्हरपूल संघात १९७० च्या सुमारास स्टीव्ह हायवे आणि ब्रायन हॉल असे दोन पदवीधर आले, तेव्हा सोबत्यांनी त्यांना दूरचित्रवाणीवरील विद्यापीठांच्या प्रश्नमंजूषेच्या सूत्रधारावरून ‘मोठा बॅम्बर’ आणि ‘छोटा बॅम्बर’ अशी नावे ठेवली! हे दोघे मात्र शिक्षण उरकून व्यावसायिक खेळात आले होते. स्टीव्ह कॉपेलची गोष्ट वेगळी. तो लिव्हरपूल विद्यापीठात शिकत असतानाच १९७५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला साठ हजार पौंड मोजून घेतले, आणि पदवी पुरी करण्याची मोकळीकही दिली. इतकी रक्कम मोजलेल्या क्लबाने विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाशी जमवून घ्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. नंतर तो प्रशिक्षक झाला. केरळ आणि जमशेदपूरच्या संघांचेही त्याने प्रशिक्षण केले.

ब्राझीलच्या सॉक्रेटिसची कथा घरापासून सुरू होते. वडिलांचे शालेय शिक्षण फार झालेले नव्हते; त्यांनी स्वतःच वाचून ज्ञान मिळवले, आणि ग्रीक तत्त्ववेत्त्याचे नाव मुलाला दिले. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा भीतीपोटी त्यांनी आपली काही पुस्तके जाळली. दहा वर्षांच्या मुलाने ते पाहिले. जो माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवतो, त्याने ती आपल्या हाताने आगीत टाकावी! हा प्रसंग सॉक्रेटिस कधी विसरला नाही.

रिबेराव प्रेतो येथे तो वैद्यकीय महाविद्यालयात शिके आणि तेथल्याच बोताफोगो क्लबाकडून खेळे. सरावाला तो क्वचितच जाई. क्लबाने ते चालवून घेतले, कारण सामन्याच्या दिवशी त्याच्यासारखा दुसरा नव्हता. मोठ्या क्लबांचे लक्ष गेले तरी पदवी हाती येईपर्यंत त्याने गाव सोडले नाही. पदवी मिळाल्यावर १९७८ मध्ये तो साव पावलोच्या कोरिंथियन्सकडे गेला, आणि १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलचा कर्णधार झाला. कोरिंथियन्समध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी नवीच रीत पाडली. सराव, प्रवास यांसारख्या बाबी मतदानाने ठरत आणि कपडे सांभाळणाऱ्या कामगारालाही एक मत असे. देशावर लष्कराचे राज्य असताना हे चालले होते. खेळ संपल्यावर त्याने वैद्यकी केली. पण एवढे शिकलेल्या या डॉक्टरची सिगारेट आणि दारू काही सुटली नाही; २०११ मध्ये तो सत्तावन्नाव्या वर्षी वारला.

हे सगळे पुरुष. मुलींना तर मैदानच दुर्मीळ. नादिया नदीम १९८८ मध्ये अफगाणिस्तानातील हेरात येथे जन्मली. वडील सैन्यात अधिकारी. २००० मध्ये तालिबानने त्यांना ठार केले. त्या राजवटीत मुलींना शाळेची दारे बंद होती. आई पाच मुलींना घेऊन पाकिस्तानमार्गे निघाली आणि हे कुटुंब डेन्मार्कला पोहोचले. निर्वासितांच्या छावणीशेजारी फुटबॉलची मैदाने होती. तेथे मुलींना खेळताना पाहून नादियाही खेळू लागली. २००९ पासून ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात खेळली. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने गोल केला, पण डेन्मार्क हरला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स अशा देशोदेशींच्या क्लबांतून खेळत असतानाच आर्हुस विद्यापीठात तिचे वैद्यकीचे शिक्षण चालू होते. शस्त्रक्रियेत पारंगत व्हायचे तिने ठरवले होते. खेळाडूचा काळ थोडा, वैद्यकीचा अभ्यासक्रम लांब. म्हणून तिच्या अभ्यासाची वर्षे लांबत गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. जानेवारी २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली, आणि त्याच वर्षी जुलैत, इंग्लंडमधील युरोपीय स्पर्धेत, डॉ. नादिया नदीम पुन्हा डेन्मार्कच्या संघातून मैदानात उतरली.