‘कळावे’पासून ‘मिळावी’पर्यंत: घरबांधणीच्या परवानगीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला विचारलं, “सर, तुमची पीएच.डी. ‘अभाव’ या विषयावर. म्हणजे जे नाही, त्यावर. त्याचा आयुष्यात कधी उपयोग झाला का हो?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र आठवलं, की झालाय. एकदाच झाला, आणि तो नगरपालिकेत.

म्हणून आज बांधकाम परवानगीबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्या टेबलासमोर उभं राहून “साहेब साइटवर गेलेत” हे ऐकलं असेल. मला त्यातला एकच धागा धरायचा आहे. आपण कागद दिला आणि कचेरी गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय? हा अर्थ गेल्या शे-सव्वाशे वर्षांत बदलत गेलेला आहे.

आधी माझी हकिकत सांगतो. गावाचं नाव घेत नाही, तालुक्याचं शहर आहे एवढं पुरे. 2018 साली सौ.चे गुडघे पार गेले. आमची झोपायची खोली माडीवर. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. तेव्हा खाली एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर काढायचं ठरवलं. जागा वडिलोपार्जित, साडेतीन गुंठे. मोजणीचा नकाशा आणला, मिळकत पत्रिका काढली, घरपट्टीची बाकी नसल्याचा दाखला घेतला, परवानाधारक अभियंत्याकडून नकाशे करून घेतले आणि अर्ज दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच मिळाली. अर्जाचा शेवट अभियंत्यानं नेहमीप्रमाणे केला होता: “तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.” हे वाक्य लक्षात ठेवा. आता जरा मागे जाऊ.

घर बांधताना कुणाला विचारायचं, हा प्रश्न नगरपालिकेपेक्षा फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणाचा आठवा अध्याय वास्तूच्या तंट्यांवर आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडायचं, सांडपाणी कुठून न्यायचं, उजेडासाठीची खिडकी उंचावर हवी, असे सगळे नियम तिथे आहेत. शौचकूप कुठे नसावा तेही सांगितलंय. त्याला एक अपवाद आहे आणि मला तो फार आवडतो. बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरता खणलेला खड्डा चालतो. नियम करणाऱ्यानं घरात डोकावून पाहिलं होतं, असं त्यावरून वाटतं. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे येते. घरमालकांनी आपसांत ठरवून हवं तसं बांधावं आणि नको ते टाळावं, अशी मोकळीकही तिथे दिलेली आहे. म्हणजे विचारायचं ते शेजाऱ्याला. राजा येतो तो भांडण झाल्यावर, दंड घ्यायला.

पेशवाईतल्या पुण्यातही साधारण हेच चित्र दिसतं. घर, गल्ली, रस्ता यांचे तंटे कोतवालाच्या चावडीवर जायचे, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद तिथे व्हायची. वळचणीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून भांडण पेटायचं आणि मग कारभार जागा व्हायचा.

मग इंग्रजी अंमल आला. 1850च्या सव्विसाव्या कायद्यानं, गावातल्या रहिवाशांची इच्छा असेल तर तिथे नगरपालिका काढायची सोय झाली. आपल्याकडे सोलापूरची नगरपालिका 1852ची. पुढे 1873, 1884, 1901 असे जिल्हा नगरपालिकांचे कायदे मुंबई इलाख्यात होत गेले. घर बांधणारा आता शेजाऱ्याऐवजी पालिकेला सांगू लागला. पण ‘सांगू लागला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. त्या कायद्यांची भाषा ‘नोटीस’ची आहे. मी अमुक जागी अमुक घर बांधणार आहे, कळावे. आक्षेप असेल तर पालिकेनं मुदतीत सांगायचा. सांगितला नाही, तर मालक कुदळ मारायला मोकळा.

याचा सर्वांत शुद्ध नमुना मुंबईत आहे. 1888चा मुंबई महापालिकेचा कायदा घ्या. कलम 337 खाली मालक नोटीस देतो. कलम 345 म्हणतं की तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही, तर काम सुरू करता येईल. कलम 346 मध्ये ती नापसंती कळवायची रीत आहे: हा नकाशा पसंत नाही, पण अमुक अटी पाळल्या तर चालेल. आता गंमत पाहा. मुंबईत बिल्डर ज्या कागदाची पेढे वाटून वाट पाहायचे, त्याचं नाव आयओडी, म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. नापसंतीची सूचना! परदेशी पाहुण्यांना हे समजावताना नाकी नऊ येतात. पण तर्क सरळ आहे. त्या कायद्याला ‘हो’ म्हणायची गरजच नव्हती. ‘हो’साठी गप्प बसणं पुरेसं होतं, शब्द लागायचे ते फक्त ‘नाही’साठी. लग्न जमवताना आपण म्हणतोच ना, की मौन म्हणजे संमती.

आणि मग 1896 साली मुंबईत प्लेग आला.

परवानगीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा सांधा, म्हणून इथे थोडं थांबू. पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. सोल्जर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली. ती गोष्ट आपण शाळेपासून राजकारणाची म्हणून ऐकतो. ती घराची गोष्टही आहे. तोवर सरकारनं घराची बाहेरची भिंत पाहिली होती. आता त्यानं आतली खोली पाहिली, अंधारी, ओल धरलेली, आणि या खोलीतच रोग राहतो असं त्याच्या मनानं घेतलं. मुंबईत घरांवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली गेली, म्हणजे माणसांना राहायला नालायक. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, वस्त्या पाडून रस्ते काढण्यासाठी.

त्याच ट्रस्टमधले जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. ऐकायला भूमितीचा पेपर वाटतो, पण सोपं आहे. खोलीच्या भिंतीच्या तळाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिलं, तर नजर साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त वर करावी लागू नये. हिशेब केला तर उंची दोन, मोकळी जागा एक असं प्रमाण येतं. समोरचं घर तीस फूट उंच, तर मध्ये पंधरा फूट मोकळे. आज नकाशावर अभियंता ‘सामासिक अंतर’ म्हणून जी पट्टी सोडतो, तिच्यामागे उजेड आणि वारा यांची हीच चिंता आहे.

आता यातला तिढा बघा. प्लेग अंधारातून येत नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमधून येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 सालीच कराचीत दाखवलं होतं. ते सर्वांच्या गळी उतरायला पुढे काही वर्षं गेली. म्हणजे नियमामागचं कारण निम्मं चुकलेलं होतं. पण नियम? अंधाऱ्या कोंदट खोलीत आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल नियम हवाच. हेतू चुकला आणि फळ बरं निघालं, अशी उदाहरणं इतिहासात पुष्कळ आहेत. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हे उदाहरण देत असे, पोरं वैतागायची.

तर प्लेगनंतर पालिकेचं लक्ष एकेका घरावरून गावाच्या सबंध नकाशाकडे गेलं. 1915चा मुंबईचा नगररचना अधिनियम हा आपल्या देशातला तसला पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश गृहस्थ इलाख्यातली गावं पायी फिरत होता आणि सांगत होता, की पाडण्याआधी गल्लीतून चालून बघा, जेवढं सडलंय तेवढंच कापा. पुढे 1919 साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मान मिळाला, पण त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

स्वातंत्र्यानंतर 1954चा कायदा आला आणि मग 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. आजही लहान शहरातली फाइल त्याच्यावरच चालते. इथे भाषा बदललेली दिसते. कलम 44 मध्ये नोटीस नाही, अर्ज आहे. कलम 45 मध्ये परवानगी देणं, अटींवर देणं किंवा नाकारणं आहे. परवानगीचा कागद म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र. ‘कळावे’ गेलं, ‘मिळावी’ आलं. आधी घर बांधणं हा माझा हक्क आणि पालिकेचा आक्षेप हा अपवाद होता. आता मनाई मूळची आहे आणि परवानगी हा अपवाद आहे.

मौनाला मात्र या कायद्यानंही जागा ठेवली. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जाईल, बांधकाम नियमांत बसत असेल तर. हिला मानीव परवानगी म्हणतात. पण त्याच पोटकलमात आणखी काही शब्द आहेत. साठ दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून, किंवा प्राधिकरणानं काही माहिती मागवली असेल तर तिचं उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचं असेल त्या तारखेपासून. वाचताना निरुपद्रवी वाटतं. मला त्याचा अर्थ अठ्ठावन्नाव्या दिवशी कळला. त्या दिवशी त्रुटीपत्र आलं.

त्यात लिहिलं होतं, मिळकत पत्रिकेवर अर्जदाराच्या वडिलांचं नाव आहे, वारस नोंद करून आणावी. वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती. नोंद न करणं हा आमचाच आळस, तक्रार नाही. पण हे पहिल्या आठवड्यात सांगता आलं असतं. बहिणींच्या सह्या, नगर भूमापन कार्यालयातल्या खेपा, त्यात चार महिने गेले. उत्तर दिलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. या वेळी मात्र साठ दिवस गेले आणि काहीच आलं नाही. मी एकसष्टाव्या दिवशी आनंदानं बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, “अभिनंदन सर. परवानगीचा कागद?” मी म्हटलं, कागद नाही आला, हीच परवानगी. ते माझ्याकडे पाहत राहिले.

तर बाईंना उत्तर हे. जमिनीवर घडा नाही, हे कसं कळतं? नैयायिक म्हणतो, रिकामी जमीन दिसते त्यातच घड्याचा अभाव दिसतो. भाट्ट मीमांसक म्हणतो, नाही, त्यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानावं लागतं. दीड हजार वर्षं हा वाद चाललाय. बँकेच्या मॅनेजरला दोन्ही पक्ष मान्य नव्हते. त्यांना शब्दप्रमाण हवं होतं, तेही गोल शिक्क्यासह. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. पत्र आलंच नाही, हे सिद्ध कसं करायचं? कचेरी म्हणेल पाठवलं होतं. मानीव परवानगी कायद्यात असते, पण तिच्यावर पैसे मिळत नाहीत.

पुन्हा पालिकेत गेलो, तर दुसरं त्रुटीपत्र टाइप होऊन पडलं होतं. पूर्वेच्या बाजूला सामासिक अंतर सोडलेलं नाही. मी चिडलो. आवाज चढवला, नको ते बोललो. तिथला तरुण अभियंता शांतपणे म्हणाला, “सर, मी जागेवर जाऊन आलो. तुमच्या नव्या भिंतीसमोर शेजारच्यांची स्वयंपाकघराची खिडकी येते. तुम्ही कधी पाहिली नाहीत का?”

पाहिली होती. त्या खिडकीतून काकूंनी मला लहानपणी लाडू दिलेले आहेत. नकाशावर ती नव्हती, कारण नकाशा फक्त माझ्या जागेचा होता. कायद्यानं पाहिलं तरी, 1882च्या सुखाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षं बिनतक्रार मिळालेल्या उजेडा-वाऱ्यावर त्यांचा हक्क होताच. पण मला तो आठवला नाही, आणि अभावावर प्रबंध मी लिहिला होता. काकूंना मी विचारलंही नव्हतं. पालिकेला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं, असं वाटत होतं.

खोली लहान केली. पहिल्या पोचेपासून प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत अकरा महिने गेले. तेवढे दिवस सौ. बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपली. अभियंत्याचा आक्षेप बरोबर होता, आणि तो सांगायला कचेरीनं इतका वेळ घेणं चूक होतं. ही दोन्ही वाक्यं मला एकदम खरी वाटतात, एकासाठी दुसरं सोडायला मी तयार नाही.

2020च्या डिसेंबरात राज्यात एकत्रीकृत नियमावली आली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर लहान घरासाठी पुन्हा जुनीच रीत आणलीय. परवानाधारकानं नकाशा नियमात असल्याचं सांगायचं, शुल्क भरायचं, पोच हीच परवानगी. म्हणजे ‘कळावे’ परत आलं. चांगली गोष्ट आहे. फक्त त्या पद्धतीत शेजारची खिडकी बघायला कोण जातं, ते मला विचारायचं आहे. माझी जागा साडेतीन गुंठ्यांची, म्हणून मला अनुभव नाही. तुमच्यापैकी कुणी त्या रीतीनं घर बांधलं असेल तर सांगा. प्रश्नही विचारा. आमच्या गावात आता किती दिवस लागतात, तेवढं सोडून.