शब्द पाळणारे घर



"मुलगा हुशार आहे, पण त्याला धीर नाही," ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा केलेली असेल. पुढे तो वर्गात मागे पडला की कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी रक्ताला. आणि बाहेरचे लोक तर साऱ्या जमातीलाच दोष देऊन मोकळे होतात. धीर धरणे, सांगितलेले ध्यानात ठेवून काम करणे, हाताला आवर घालणे आणि एक उपाय चालला नाही तर दुसरा शोधणे, या शक्तींना मानसशास्त्रात 'कार्यकारी क्षमता' असे म्हणतात. तिचे मूळ कोठे आहे, याच्या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

रशियन विचारवंत लेव्ह वायगॉट्स्की १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. पण त्याने एक मोलाचा विचार मागे ठेवला. मुलाची प्रत्येक उच्च मानसिक शक्ती आधी दोन माणसांच्या व्यवहारात दिसते आणि मग त्याच्या मनात उतरते, असे तो म्हणे. आई आज म्हणते, "थांब, आधी हात धू." काही महिन्यांनी मूल तेच शब्द स्वतःशी पुटपुटते आणि पुढे न बोलताच हात धुते. त्याचा सहकारी अलेक्झांडर लुरिया याने लहान मुलांच्या हाती रबरी फुगा देऊन, दिवा लागताच तो दाबण्यास सांगून, बोलणे कृतीवर कसा ताबा मिळवते ते तपासले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरचा आहे. तेथे आफ्रिकी वंशाचे आणि आपल्या देशातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज शेजारी शेजारी राहत. हे म्हणत, "ते आजचे खातात, उद्याची फिकीर करीत नाहीत", ते म्हणत, "हे नुसते साठवतात, जगणे यांना ठाऊक नाही." नाझींच्या छळामुळे लहानपणीच कुटुंबासह व्हिएन्ना सोडावे लागलेल्या वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने ही बोलणी ऐकली व ती पारखून पाहण्याचे ठरविले. लहान मिठाई आज हवी की मोठी मिठाई आठवड्याने, असे त्याने सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारले. वरवर पाहता दोन गटांत फरक दिसला. परंतु त्यामागे घराची स्थिती उभी होती. ज्या मुलांचे वडील घरी राहत नव्हते, ती बहुधा आजचीच मिठाई मागत. १९५८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमातीच्या माथी मारलेला डाग घराच्या दारापर्यंत येऊन थांबला, हा त्याचा खरा धडा होय.

पुढे मिशेल अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. तेथील बिंग बालशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने आपले प्रसिद्ध प्रयोग केले. मुलापुढे मार्शमॅलो नावाच्या मऊ मिठाईसारखा खाऊ ठेवायचा. लगेच घेतला तर कमी, बाई परत येईपर्यंत थांबले तर अधिक. कोणी डोळे झाकून घेई, कोणी गाणे म्हणे, एखादे तर झोपीच जाई. खाऊ नजरेआड केला की मुले अधिक वेळ थांबत. म्हणजे धीर ही काही अंशी शिकता येणारी युक्ती आहे. १९९० साली छापलेल्या पाहणीत, काही परिस्थितीत अधिक थांबलेली मुले पुढे परीक्षेतही सरस ठरल्याचे दिसले. झाले! लोकांनी या खाऊला मुलाच्या भाग्याचा कौलच मानले.

परंतु २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : मुलाचा देणाऱ्यावर भरवसाच नसेल तर ते थांबेल कशाला? त्यांनी २८ मुले घेतली. निम्म्या मुलांना चांगले रंग व चिकटचित्रे आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले. उरलेल्यांच्या बाबतीत मोडले. मग खाऊची परीक्षा घेतली. वचन पाळले गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, मोडले गेलेली सुमारे ३ मिनिटे. मुले तशीच होती. फरक होता तो मोठ्या माणसांच्या शब्दात. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या अभ्यासात असेही आढळले की कुटुंबाची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतली की, थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच क्षीण होतो.

मग घराने करावे काय? कॅनडात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईच्या वागण्याचे निरनिराळे पैलू तपासले गेले. त्यांत एक सर्वांत प्रभावी ठरला : मुलाला त्याचे काम त्यालाच करू देणे, अडले तेथे तेवढाच हात देणे आणि त्याच्या निवडीला मान देणे. यासाठी पैसा लागत नाही, मात्र सवड व सबुरी लागते.

पालकहो, ईदला सायकल आणण्याचा वायदा करण्यापूर्वी खिसा चाचपून पाहा; जमणार नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. अब्बा आखातात किंवा जहाजावर असतील म्हणून मूल बिघडेलच असे नाही. शुक्रवारी फोन करतो म्हटले तर शुक्रवारी फोन आला पाहिजे. घरातील अम्मी, दादी, नाना यांचा शब्दही तितकाच वजनदार असतो. बूट घालायला मुलाला पाच मिनिटे लागत असतील तर लागू द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, कोणी तुम्हांला "तुमच्यात धीरच नाही" म्हणाले तर त्रिनिदादची ही हकीगत आठवा. धीर कोणा एका रक्ताची मिरास नाही. आज धाकट्या भावंडाला दिलेला लहानसा शब्द पाळा; त्याचा धीर तुमच्याच हातून घडणार आहे.