दोन करडे रंग

घर रंगवायला काढले की पांढऱ्यावरून किंवा पिवळ्यावरून सहसा वाद होत नाही. तो होतो दोन करड्या रंगांवरून. एकाला जो पारवा वाटतो तो दुसऱ्याला राखेचा दिसतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मौज अशी की आपल्या पणजीला हा पेच पडलाच नव्हता.

पेठला मी काही दिवाळ्या काढल्या आहेत. (पुण्यातली पेठ नव्हे, नाशिकहून गुजरातच्या वाटेवर असलेले तालुक्याचे गाव.) कारवीचा कुड घालून त्यावर शेणमातीचे लिंपण करायचे, ही तिकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांची जुनी रीत. शेणाचा हिरवटपणा वाळता वाळता करडा होतो. माती जास्त पडली तर तांबूस झाक येते, राख मिसळली तर फिकट. तो रंग कोणी निवडीत नसे, तो हाताखाली उतरे. नाही मनासारखा उतरला, तरी पावसाळा सरल्यावर भिंत पुन्हा सारवायचीच असे.

चुन्याच्या भिंतीचेही तेच. विरवलेल्या चुन्यात खळ किंवा डिंक घालावा, किंचित नीळ टाकावी. करडा हवा तर चिमूटभर काजळी. ओला चुना गडद दिसतो, वाळला की उजळतो, आणि हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. त्यामुळे बादलीतल्या रंगावर शहाणा गवंडी कधीच विश्वास ठेवीत नसे.

पुढे डबाबंद रंग आले. जुन्या तेलरंगात शिशाचा विषारी सफेता असे. विसाव्या शतकात त्याची जागा हळूहळू टायटॅनियम डायॉक्साइडने घेतली. मुंबईत 1942 साली चौघा मित्रांनी एशियन पेंट्स काढली, आणि 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू रेखाटला. रंग वर्षानुवर्षे टिकू लागला. माझ्या मते निवडीची धास्ती शिरली ती या टिकाऊपणाबरोबरच.

कारण दुकानातला करडा नुसता काळा-पांढरा क्वचितच असतो. त्यात निळा, पिवळा, तांबडा यांचा कण दडलेला असतो. बोटभर नमुन्यात तो कळत नाही, भिंतभर पसरला की बोलू लागतो. ढगाळ उजेडात निळा, दिव्याखाली पिवळा.

पेठला एका ओळखीच्या घरी सिमेंटच्या नव्या भिंतींसाठी असेच दोन नमुने आले होते. आजींनी दोन्हींचा हातभर पट्टा दाराजवळ मारून घेतला आणि दिवे लागेपर्यंत कोणाला बोलू दिले नाही. संध्याकाळी मुलाने विचारले, तेव्हा म्हणाल्या, "मला कशाला विचारतोस? सारवण असते तर सांगितले असते. हा रंग माझ्यामागेही राहायचा. सुनेला विचार."

सुनेने पिवळसर झाकेचा घेतला. चुलीचा धूर त्यावर कमी दिसेल, एवढेच ती म्हणाली.